शिळफाट्यावर वळा, बेट गाठा!

अंदमान? बाली? फुकेत? एक मिनिट! पासपोर्ट कपाटातच राहू द्या. आयलंड ट्रिपला जे जे लागतं, म्हणजे बेटं, बीच, धबधबे, डॉल्फिन आणि वर बोनस म्हणून कासवं, ते सगळं एकट्या रायगड जिल्ह्यात आहे. आणि या ट्रिपचा स्टार्टिंग पॉइंट माहीत आहे का? खोपोलीचा शिळफाटा!

(कल्याण-डोंबिवलीकडचा शिळफाटा नव्हे हं. तिथे मिळेल ते फक्त ट्रॅफिक आयलंड!)

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर मुंबईकडून आलात की सरळ रस्ता बोरघाट चढतो आणि बहुतेक गाड्या चिक्कीच्या ओढीनं तिकडेच सुटतात. तुम्ही उजवीकडची पालीची पाटी पकडा. समुद्र अजून कुठेच दिसत नाही, पण त्याच्याकडे निघालेलं पाणी इथूनच तुमच्यासोबत आहे. कसं? वाचा तर!

धबधबा पडतो, पण पाइपातून!

माहीत आहे का, खोपोलीतला सगळ्यात उंच धबधबा आजवर कुणीच पाहिलेला नाही? कारण तो पाइपात आहे! लोणावळ्याकडच्या वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी भल्यामोठ्या नळांतून घाट उतरतं आणि खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात टर्बाइनवर आदळतं. ही उडी ५०० मीटरहून मोठी आहे. जोगचा सुप्रसिद्ध धबधबा आहे २५३ मीटर. म्हणजे खोपोलीच्या नळात जोगवर जोग रचलाय!

हे केंद्र सुरू झालं १९१५ मध्ये. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरात गुदमरत होत्या, तेव्हा या पाण्याच्या विजेवर त्यांची चाकं फिरू लागली. आजही इथे ७२ मेगावॉट क्षमता आहे. शंभरी ओलांडली तरी आजोबा ड्युटीवर हजर!

आता खरी गंमत. हे पाणी मुळात आपल्या समुद्राचं नव्हतंच! वळवणचं धरण इंद्रायणीवर. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. माणसानं धरण बांधून, बोगदा-नळ टाकून त्या पाण्याला ‘यू टर्न’ दिला. पूर्वेचं तिकीट काढलेलं पाणी खोपोलीत गाडी बदलून पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघतं.

गाडी बदलण्यावरून आठवलं. १८५६ मध्ये मुंबईकडून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, पण बोरघाटातला लोहमार्ग तयार व्हायला १८६३ उजाडलं. मधल्या काळात प्रवासी खोपोलीला उतरायचे, डोलीत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याहून पुढची गाडी धरायचे. ‘कनेक्टिंग ट्रेन’साठी पालखी! आहे का असा लक्झरी ट्रान्सफर कुठल्या रिसॉर्टकडे?

दिसणारा धबधबा हवाय? आहे ना! खोपोलीचा झेनिथ. आणि हे नाव इंग्रजांनी वगैरे दिलेलं नाही, शेजारच्या पाइप बनवणाऱ्या कारखान्याचं नाव धबधब्याला चिकटलं. एकूण खोपोलीत पाणी आणि पाइप यांची जोडी काही सुटत नाही. मात्र इथे एक गोष्ट मनापासून सांगते. वर घाटात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही प्रवाह अचानक फुगतो. बंदी असेल तेव्हा पोलिसांशी हुज्जत घालू नका. रस्त्यावरून बघितलेला धबधबाही तितकाच पांढराशुभ्र असतो.

शेजारच्या कर्जतची मजा वेगळीच. कर्जतची उल्हास नदी राजमाचीच्या कुशीत उगम पावते, कोंढाण्याच्या लेण्यांखालून निघते आणि सरळ पश्चिमेला समुद्र गाठायचं सोडून उत्तरेला वळते. शेवटी वसईच्या खाडीत रिकामी होते, आणि तिचा एक छोटा फाटा ठाण्याच्या खाडीलाही मिळतो. या दोन खाड्यांच्या मध्ये काय आहे, माहीत आहे का? साष्टी बेट! अंधेरी, बोरिवली, मुलुंड, सगळी त्याच बेटावर. म्हणजे कर्जतला पडलेला पाऊस मुंबईच्या उपनगरांना बेट करायला मदत करतो. बोरिवलीहून आलेल्या पाहुण्यांनो, तुम्ही तर बेटावरूनच निघाला आहात!

रस्त्यातले स्नॅक्स

शिळफाटा ते पाली हा टप्पा चटचट संपतो, पण तोंडी लावायला भरपूर. फाट्याजवळच महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन गणपती एकाच पट्ट्यात! मध्ये सांगडेवाडीला इमॅजिका, २०१३ पासून. तिथल्या वॉटरपार्कमध्ये मशीनवर लाटा तयार होतात. मुलांनी हट्ट धरलाच तर सांगा, संध्याकाळपर्यंत ओरिजिनल दाखवतो.

पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. वर धबधबा गारेगार, खाली कुंड कढत! गीझर कुणी लावला? जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं.

पुढे कोलाड. इथलं कुंडलिका नदीतलं राफ्टिंग तुम्ही ऐकलं असेल, पण ते उन्हाळ्यातही कसं चालतं, माहीत आहे का? मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत सोडलं जातं, आणि सकाळच्या त्या पाण्यावर बोटी सुमारे १२ किलोमीटर उसळ्या मारत जातात. म्हणजे वीज तयार झाली की ‘राफ्ट’ तयार! याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, कारण मावळातल्या शेतकऱ्यांची गावं आणि शेतं त्या पाण्याखाली जाणार होती. बोटीत बसताना एवढं माहीत असावं.

कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्रात. खोपोलीतून निघालेली पाताळगंगा आणि पालीजवळून वाहणारी अंबा, दोघीही धरमतरच्या खाडीत. सगळ्या पोरी अखेर माहेरी!

चालणारा मासा, बदलणारा मासा

धरमतरच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी गाडी बाजूला घ्या आणि चिखलाकडे टक लावून बघा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग चिखलाचाच एक तुकडा टुणकन उडी मारतो. डोक्याच्या टोकावर दोन बटबटीत डोळे, पुढच्या परांवर रेलून सरपटणारं अंग, मध्येच ताठ उभा राहणारा पाठीवरचा पर. हा निवटा! मासा असून पाण्याबाहेर चालतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून अंग ओलं ठेवायला चिखलात लोळत राहतो. स्पा ट्रीटमेंट त्याच्याकडूनच शिकावी. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण म्हणजे मेजवानी.

आणि जिताडा? अलिबाग-पेणच्या खारपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडे पाळतात, आणि जावई आला की तळ्यात जाळं पडतं. पण जावईबापूंना एक गोष्ट माहीत आहे का? जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की मादी होतो! ताटातला मोठा जिताडा बहुधा जिताडीण असते.

खाडीकाठची चिप्पीची झाडं दिसली? त्यांतली पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. कांदळवनातल्या झाडाला असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

बेट नंबर एक: चालत जा!

अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला नसतो. सकाळी चालत गेलात आणि फोटोंत रमलात, तर परत येताना होडी! मग ओहोटी कधी, हे ॲपशिवाय कसं कळणार? कोकणातली जुनी युक्ती घ्या, कॅलेंडरवरची तिथी पुरेशी आहे.

तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. जे उत्तर येईल, तितक्या वाजता साधारण भरती. उदाहरणार्थ, चतुर्थी. ४ त्रिक १२, भागिले ४, उत्तर ३. म्हणजे दुपारी ३ च्या सुमाराला पाणी भरलेलं. त्याच्या सहा तास आधी, सकाळी ९ ला, ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चालतो!

अजून एक बारकावा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची, त्यामुळे वाट पूर्ण उघडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. म्हणून माझं मत, तृतीया किंवा चतुर्थीची सकाळ गाठा. आणि निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराच, गणितापेक्षा त्याचे डोळे जास्त अचूक.

किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्लिश तोफा, त्यांच्यावर साल कोरलंय १८४९. हो, तोफांवरही ‘मॅन्युफॅक्चरिंग डेट’ असते!

शहरात अजून एक भन्नाट ठिकाण. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर शास्त्रज्ञांना घाम फुटला, कारण त्या विजेमुळे नाजूक उपकरणांची गणितं बिघडली असती. मग १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. ‘अलिबागहून आलास का?’ या टोमण्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयानं ती फेटाळली. पण टोमणा मारणाऱ्याला सांगा, अख्ख्या पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला अलिबागलाच यावं लागतं!

खांदेरी: छोट्या होड्या, मोठा दणका

आता थळच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर दोन बेटं, खांदेरी आणि उंदेरी. नावं ऐकून जुळ्या बहिणी वाटतील, पण एकेकाळी दोघींमध्ये तोफा चालायच्या.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावरच! इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी ‘रिव्हेंज’ नावाच्या फ्रिगेटसह आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून होते, तर आरमाराची सूत्रं दौलतखानाकडे. इंग्रजांची जहाजं मोठी, पण वारा पडला की शिडं लोंबकळायची आणि जहाज जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या छोट्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या, वल्ह्यांवर पळणाऱ्या. अंधारात दगड, चुना, दाणागोटा बेटावर पोचत राहिला आणि तट उभा राहत गेला. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. साइज मॅटर्स? खांदेरीला विचारा!

जंजिऱ्याचा सिद्दी काय गप्प बसणार? त्यानं १६८० च्या सुरुवातीला शेजारच्या उंदेरीवर तटबंदी चढवली. शेजाऱ्यानं बंगला बांधला की आपणही बांधायचा, ही सवय जुनीच.

खांदेरीवर एक खडक आहे, त्यावर दगडानं ठोकलं की धातूसारखा नाद येतो. इथे वेताळाचं देऊळ आहे, त्यावर कोळी बांधवांची मोठी श्रद्धा. दीपगृह १८६७ चं. १९९८ मध्ये बेटाचं नामकरण झालं कान्होजी आंग्रे बेट. आणि हो, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. रायगड जिल्ह्यातले दोन, खुद्द रायगड आणि ही खांदेरी.

युनेस्कोच्या यादीत जिल्ह्याचं आणखी एक बेट आधीपासून आहे, माहीत आहे का? घारापुरी, १९८७ पासून. गेटवेहून बोट सुटते म्हणून सगळे तिला मुंबईची समजतात, पण ती उरण तालुक्यातली, म्हणजे पक्की रायगडकर. समुद्राखालून केबल टाकून तिथे २०१८ मध्ये चोवीस तास वीज पोचली. आणि ज्या दगडी हत्तीमुळे तिला एलिफंटा म्हणू लागले, तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे!

आंग्र्यांचं नाव तर समुद्राच्या तळाशीही आहे. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून दूर, खोल समुद्रात पाण्याखाली प्रवाळांचं एक पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. खातं उघडायला मात्र स्कूबा सूट लागतो!

दगड झिजला, चुना टिकला

मुरूडला पोचलात की सगळे जंजिऱ्याकडे धावतात. धावाच! राजपुरीहून शिडाच्या होडीत बसा आणि दरवाजा शोधा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. दाराशी एक शिल्प आहे. त्यातल्या श्वापदानं पंजांत तर हत्ती पकडलेत, शेपटीतही एक गुंडाळलाय. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. महाराजांनी प्रयत्न केले, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून वाट बांधायला घेतली, पण हा किल्ला अखेरपर्यंत सिद्दींकडेच राहिला. त्यांचं संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये.

पण माझा लाडका किल्ला समोरचा, पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी कासा बेटावर बांधलेला. त्याच्या तटाला अगदी नाक लावून बघा. साडेतीन शतकं लाटांचे आणि खाऱ्या वाऱ्याचे तडाखे खाऊन दगड आत आत झिजत गेलाय, त्याचे खळगे झालेत. आणि दोन दगडांमधला चुना? तो जसाच्या तसा, चौकटीसारखा बाहेर उभा! खळग्यात बोट फिरवलं की दगडाची पूड लागते, चुन्याची कड मात्र टणक. सांधा दगडाहून पक्का! हल्लीच्या बिल्डरांनी इथे एक सहल काढाच.

मुरूडचा बोनस, गारंबीचा धबधबा आणि फणसाडचं अभयारण्य. फणसाड ही जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची शिकारीची राखीव जागा. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि आता तिथे आपला राज्यप्राणी शेकरू झाडांवरून उड्या मारतो.

शो टाइम!

मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर इथे बोटीतून दिसणारा डॉल्फिन बहुधा हंपबॅक जातीचा. पाठीवर कुबड आणि त्याच्यावर पर. त्याला किनाऱ्याजवळचं उथळ पाणी आवडतं, म्हणून तो आपल्याला दिसतो, आणि म्हणूनच जाळी, बोटी आणि प्रदूषण यांच्या तावडीतही सापडतो. जगभर ही जात धोक्यात आलेली आहे. माहीत आहे का, डॉल्फिन अर्ध्या मेंदूनं झोपतो? दुसरा अर्धा जागा राहून श्वासाची आठवण ठेवतो. बोटवाल्या दादांना सांगा, पाठलाग नको, इंजिन मंद करा. तो आपणहून वर येतो, ती मजा काही औरच.

आता सगळ्यात मोठी बातमी, अगदी अक्षरशः. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, रायगडच्या किनाऱ्याजवळून फिरतो! जून २०१५ मध्ये सुमारे ४२ फूट लांबीचा एक देवमासा रेवदंड्याच्या वाळूत अडकला. गावकरी, वनखातं सगळे धावले, त्याला परत पाण्यात ढकलायची पराकाष्ठा केली. तो वाचला नाही. त्याच वर्षी सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना जिवंत निळे देवमासे दिसले. म्हणजे ते आहेत, इथेच आहेत!

आणि कासवं! दिवेआगर आणि हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत येतात, खड्डा खणून शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. तापमानच ठरवतं मुलगा की मुलगी! नर पिल्लू एकदा समुद्रात शिरलं की सहसा आयुष्यात पुन्हा जमिनीवर पाऊल ठेवत नाही. बागमांडल्याहून फेरीनं खाडी ओलांडली की रत्नागिरीचं वेळास. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आज लोक खास पिल्लांना टाटा करायला तिथे जातात.

प्रवासाचा रेकॉर्ड? २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, द्वीपकल्पाला वळसा घालून! खोपोलीच्या पाण्यानं पाइपातून मारलेला शॉर्टकट तिला मिळाला नाही ना.

कधी जायचं?

इथेच पेच आहे. धबधबे पावसाळ्याचे आणि होड्या पावसाळ्यात बंद. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै सुट्टी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. थंडीच्या दिवसांत नशीब असेल तर काशीद-मुरूडच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात. ती नॉक्टिलुका या सूक्ष्म जिवांची करामत, पाणी ढवळलं की ते लुकलुकतात.

मग सगळं एकत्र कधी? माझं मत, नवरात्र ते दिवाळी. घाटातल्या ओहोळांत पाणी शिल्लक, होड्या सुरू, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली भातं. कासवांसाठी मात्र मार्चमध्ये दुसरी फेरी मारावीच लागेल. दुःख कसलं त्यात!

आणि जेवायला बसलात की एक शेवटचं. पापलेट सप्टेंबर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. पिल्लं जाळ्यात जाऊ नयेत म्हणून राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली आहे. पापलेटची आहे १३५ मिलिमीटर. तेव्हा अलिबागच्या बाजारात मावशींच्या टोपलीपुढे उभे राहिलात की मोठं पापलेट मागा, आणि करंगळीएवढ्या पापलेटचा वाटा दिसला तर ‘मावशी, हे नको’ म्हणून मोठे बोंबील घ्या. रव्यात घोळवून, कुरकुरीत!